सुईची किळस

मी सुई बोलतेय. टाके घालणारी नव्हे आणि दंडात टोचणारीही नव्हे. रेकॉर्ड प्लेअरच्या दांड्याखाली लटकलेली, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही अशी, हिऱ्याच्या टोकाची सुई. हिरा म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. जाऊ द्यात. हाच हिरा अंगठीत बसला असता तर कुणीतरी रोज मऊ कापडाने पुसला असता. माझ्या वाट्याला जे आलं ते जेवणाआधी ऐकू नका, एवढं आधीच सांगून ठेवते.

मला एका बाईने घडवलं. लांबलचक टेबलाशी बसून, भिंगाखाली. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. हिऱ्याचा कण चिमट्याने उचलायचा आणि केसाएवढ्या नळीच्या टोकाला चिकटवायचा, हे तिचं दिवसभराचं काम. त्या वेळी ती श्वास रोखून धरायची. माझ्यावर तिने उच्छ्वाससुद्धा पडू दिला नाही. माझ्या आयुष्यातली खरी स्वच्छता तेवढीच, तीन-चार मिनिटांची.

तिथून मी गेले ती थेट एका हॉटेलात. आमचा प्लेअर भटारखान्याच्या खिडकीला लागून ठेवलेला. तळणीचा धूर यायचा, तो रेकॉर्डवर बसायचा. त्यावर धूळ बसायची. मग वेटर ओल्या फडक्याने रेकॉर्ड पुसायचा, आणि त्याच फडक्याने त्याने आत्ताच टेबल पुसलेलं असायचं.

लोकांना वाटतं, रेकॉर्डच्या खाचेत गाणं असतं. असतं ना, मी कुठे नाही म्हणते? पण त्या खाचेत आणखी काय काय असतं ते मला विचारा. बोटांचं तेल, केसांतला कोंडा, बिस्किटाचा चुरा, बुरशी, शिंकेचे थेंब. गाणाऱ्या बाईने जीव ओतून सूर लावलेला असतो, आणि तो सूर तुमच्यापर्यंत पोचवायला मी त्या राडीत नाक घालून पुढे सरकत असते. गाणं तुम्हाला आणि गाळ मला, अशी आमची वाटणी.

हॉटेलात नऊ वर्षं काढली. माझं टोक दोन्ही बाजूंनी झिजलं, आणि झिजलं की सुईला धार येते. एक दिवस हॉटेलवाल्याने पडद्यांबरोबर प्लेअरही बदलायचा ठरवला आणि आम्हाला डॉक्टरांनी उचलून नेलं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. उभ्या आयुष्यात लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, रेकॉर्डच्या भानगडीत मात्र गळ्यापर्यंत बुडाले. तीन भिंती भरून रेकॉर्डी. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते भिंग घेऊन वाकले. मला वाटलं, चला, एक स्वच्छ माणूस भेटला. चाळीस वर्षं लोकांच्या दातांवरचं कीटण काढणारा माणूस, याला तरी घाणीची चाड असेल.

त्यांनी भिंग खाली ठेवलं, गाल फुगवले आणि माझ्यावर फुंकर मारली.

दवाखान्यात हे गृहस्थ मास्क लावल्याशिवाय रुग्णाच्या जवळ जात नसत. घरी मात्र प्रत्येक रेकॉर्डच्या आधी फू! फुंकर कसली, तुषारसिंचन. त्यात सकाळचा चहा असायचा आणि दुपारची कांद्याची कोशिंबीर असायची. शिसारी यायची मला. अंग आक्रसून घ्यायलाही सुईला जागा नसते.

रविवारी सकाळी त्यांची मित्रमंडळी जमायची. निवृत्त वकील, फरशांच्या दुकानाचे मालक आणि एक माणूस जो काय करायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण मान डोलवायचा फार सुरेख. रेकॉर्ड लागली की तिघं डोळे मिटायचे आणि डॉक्टरांचं प्रवचन सुरू व्हायचं.

"ऐका, ही ऊब ऐका. तुमच्या त्या डिजिटलमध्ये सगळं आहे, ऊब नाही. तो आवाज मेलेला असतो. हा जिवंत आहे. ही खरखर ऐकलीत? हा रेकॉर्डचा श्वास आहे."

"वा!" वकील म्हणायचे.

श्वास? अहो, ती घाण आहे! मी कोंड्यावरून घसरते तेव्हा जो आवाज होतो त्याला तुम्ही श्वास म्हणताय? वकिलांच्याच डोक्यातला कोंडा होता तो, गेल्या रविवारचा. ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मला स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्यांचेच आवाज काढायचे, हा माझा धंदा.

डॉक्टरांची एकच गोष्ट मला मनापासून आवडायची. ते रेकॉर्डी साफ करायचे त्यांच्या खास पद्धतीने. दातांचा साचा घेताना तोंडात लगदा भरतात, तो घट्ट झाला की अलगद सोडवून घेतात. डॉक्टरांनी तेच रेकॉर्डवर केलं. सुतारांचा पांढरा गोंद घ्यायचा, रेकॉर्डवर एकसारखा पसरायचा, दिवसभर वाळू द्यायचा. मग कडेला नख लावून अख्खा पापुद्रा सोलून काढायचा. खाचेतली सगळी घाण त्या पापुद्र्याबरोबर निघून यायची. डॉक्टर तो उजेडापुढे धरून मित्रांना दाखवायचे. "बघा, अख्ख्या जबड्याचा साचा!" आणि रेकॉर्डला थोपटून म्हणायचे, "आता चूळ भरा." अशी साफ केलेली रेकॉर्ड माझ्याखाली आली की मला त्या कारखान्यातल्या बाईची आठवण यायची.

आता त्या एका रेकॉर्डबद्दल सांगायला हवं. बाकी सगळ्या रेकॉर्डी एकीकडे आणि ती एकीकडे.

डॉक्टरांना एक मोठी बहीण, ताई. त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठी. ती एकोणीस वर्षांची असताना एका दुकानात जाऊन तिने एक गाणं रेकॉर्ड करून घेतलं होतं. दुकानात लहानशी खोली असायची, आत माइक, आणि तुम्ही गायलात की तिथल्या तिथे रेकॉर्ड कापून हातात द्यायचे. गाणं त्यांच्या आईने रचलेलं, चार कडव्यांचं. सहा वर्षांचे डॉक्टर ताईचा पदर धरून बरोबर गेले होते. त्या रेकॉर्डची दुसरी प्रत नाही.

सहा वर्षांपूर्वी ताईंच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. तेव्हापासून ताई पर्समध्ये एक लहान पाटी ठेवतात आणि काय बोलायचं ते तिच्यावर लिहितात. घरभर बोलणारी, रिक्षावाल्याशी वाद घालणारी, भावाला अजून "गधड्या" म्हणणारी बाई. आता खडू. त्यांचा आवाज या जगात त्या एका रेकॉर्डवर उरला होता, आणि कुठेच नाही.

डॉक्टरांनी नियम केला होता. ती रेकॉर्ड वर्षातून एकदाच लावायची, ताईंच्या वाढदिवसाला. "झिजते ना," म्हणायचे. बघा, म्हणजे माहीत होतं त्यांना! मी वाजवते म्हणजे काय करते? खरवडते. दर वेळी थोडासा आवाज मी तासून काढते, आणि तो काळ्या भुकटीच्या रूपात माझ्याच टोकाला चिकटतो. त्या रेकॉर्डवरून निघाले की मला स्वतःची किळस यायची. एका मुक्या झालेल्या बाईचा उरलासुरला गळा माझ्या टोकाला लागलेला, आणि डॉक्टर तो फुंकून उडवणार.

वाढदिवसाला ताई यायच्या, प्लेअरसमोरच्या खुर्चीत बसायच्या, हात मांडीवर घट्ट. तीन मिनिटांत गाणं संपायचं. त्या पाटीवर लिहायच्या, "पुन्हा?" डॉक्टर मान हलवायचे. "पुढच्या वर्षी, ताई. जपायला हवं."

आणि त्या तीन मिनिटांतही प्रवचन चुकायचं नाही. तिसऱ्या कडव्यात एक सूं-सूं असा आवाज होता, आणि त्यानंतर ताई क्षणभर थांबल्या होत्या. डॉक्टर बोट वर करायचे. "हा! हा रेकॉर्डचा श्वास. आणि हा विराम ऐका. काय समज होती गाण्याची, एकोणिसाव्या वर्षी!" ताई त्यांच्याकडे बघायच्या, पाटी उचलायच्या आणि काहीच न लिहिता खाली ठेवायच्या.

ताईंची मुलगी, डॉक्टरांची भाची, पन्नाशीला आली तरी या घरात छकुलीच. हॉस्पिटलात हृदयाचे आलेख काढते. दर शुक्रवारी ती मामाकडे यायची, फ्रीजमधली शिळी भांडी उपसायची, आणि काम करताना स्वयंपाकघरात एक स्पीकर लावायची. साबणाच्या वडीएवढा. फोनवरून त्यात गाणी यायची.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं. खोटं कशाला बोलू? ना काही फिरत होतं, ना काही घासत होतं. मनात आलं, हे कसलं वाजणं? पण शुक्रवारमागून शुक्रवार गेले. छकुलीचं एक आवडतं गाणं होतं, ते ती भांडी होईपर्यंत सात-आठदा लावायची. मी कान देऊन ऐकायची. कुठे काही झिजलं का? कुठला सूर बोथटला का? नाही. पहिल्यांदा जसं तसंच पन्नासाव्यांदा. वडीवर साबणाचा फेस उडाला, तिने कोपराने पुसला, गाणं चालूच. कुणी फुंकर मारली नाही. कुणी श्वास वगैरे म्हटलं नाही. मला मत्सर वाटला, आणि मग, कधी ते सांगता यायचं नाही, मला ते आवडायला लागलं. घाणीत न उतरता गाता येतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

यंदा एका रविवारी ताईंना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्याआधीच्या शुक्रवारी छकुली हात पुसत बाहेर आली.

"मामा, आईची रेकॉर्ड मला कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ दे. एक वायर जोडायची, बस."

"नाही."

"अरे, पण का?"

"छकुले, तो तिचा आवाज आहे. तुम्ही त्याचे आकडे करणार. शून्य आणि एक, शून्य आणि एक. आकड्यांत माणूस मावतो होय?"

"मी दिवसभर माणसांच्या काळजाचे आकडेच बघते, मामा. मावतो." तिने पर्समधून पाटी काढली. आईची पाटी. "हे बघ, काल काय लिहिलं तिने."

पाटीवर लिहिलं होतं, 'मला रोज ऐकायचंय. वर्षभर थांबायला मी किती वर्षं आहे?'

डॉक्टरांनी ते वाचलं. चष्मा काढला, परत लावला. त्यांचा चेहरा पडला होता, पण हट्ट तो हट्ट. "वाढदिवसाला मी तिला ती रेकॉर्ड अशी साफ करून ऐकवतो की बघत राहशील. गोंद संपलाय, घेऊन येतो." आणि पिशवी घेऊन निघून गेले.

दार बंद झालं.  छकुलीने लॅपटॉप उघडला, प्लेअरच्या मागे वायर खोचली आणि ताईंची रेकॉर्ड काढली.

 म्हणजे आणखी एकदा खरवडायचं. शिवाय मला एक गोष्ट माहीत होती, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. ही रेकॉर्ड इतरांसारखी आरपार एका जातीची नव्हती. दुकानात कापलेली ती. आत पत्रा आणि वर काळा लेप. साठ वर्षांत तो लेप पोपडा धरू लागला होता. मला खालून पोकळ लागायचं.

छकुलीने फुंकर मारली नाही. तिने बारीक ब्रश घेतला आणि माझं टोक मागून पुढे, एकदाच, हलक्या हाताने झाडलं. मग मी उतरले. आयुष्यात मी कधी इतक्या जपून चालले नसेन. जमेल तेवढं अंग हलकं केलं, आणि खाचेत जे होतं नव्हतं ते सगळं त्या वायरीत ओतलं. ताईंचा आवाज, धूळ, बुरशी, सूं-सूं, सगळं. घे बाई, म्हटलं, तू तरी घे.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी गोंद पसरला. मोठ्या प्रेमाने, कडेपासून मध्यापर्यंत. मी वर दांड्याला लटकून बघत होते. नका करू, डॉक्टर! दात वेगळा आणि दातावरची टोपी वेगळी, हे तुम्हाला का मी सांगायचं? अख्खा जन्म टोप्या बसवण्यात घालवलात! पण त्यांना रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. ते शीळ घालत होते.

संध्याकाळी त्यांनी कडेला नख लावलं. पापुद्रा निघाला, पण तो नेहमीसारखा दुधी नव्हता, काळा होता. डॉक्टरांना आधी वाटलं, किती घाण निघतेय! चांगला वीतभर सोलून झाल्यावर त्यांना खाली पत्रा चमकताना दिसला. ते थांबले. उरलेला लेप परत दाबून बसवायला गेले तेव्हा त्याचे तुकडे पडले, आणि ते त्यांच्या बोटांना चिकटले. साठ वर्षांपूर्वीचं गाणं बोटांना चिकटलेलं, आणि ते झटकताही येईना, पुसताही येईना.

"हात तुटू देत माझे," ते म्हणाले. एवढंच.

रविवारी मित्रांना त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं. दहाच्या सुमारास ताई आल्या, छकुलीचा हात धरून. नवी साडी, कपाळावर घाम. खुर्चीत बसल्या, हात मांडीवर घट्ट. डॉक्टरांनी टॉवेलात गुंडाळलेला पत्रा त्यांच्यासमोर धरला.

"ताई, मी... मी तुझा आवाज सोलून टाकला गं. साफ करायला गेलो."

ताईंनी पत्रा हातात घेतला. तो इतका लखलखीत होता की त्यात त्यांचा चेहरा दिसला असणार.   डॉक्टर जमिनीवर बसले, लहान मुलासारखे, पाय दुमडून.

छकुली घसा खाकरून म्हणाली, "मामा, तुला रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घे. तू गोंद आणायला गेला होतास ना, तेव्हा मी ते उतरवून घेतलं."

तिने साबणाची वडी टेबलावर ठेवली. आधी खरखर आली, माझी ती. मग ताई. एकोणीस वर्षांच्या.

डॉक्टरांचं बोट सवयीने वर गेलं. "ही खर..." म्हणाले आणि बोट खाली घेतलं.

ताईंनी आता पाटी काढली. भराभरा लिहिलं आणि लेकीपुढे धरलं. 'ही घाण काढता येते?'

"काढलीय, आई. परवा रात्री आणि काल दिवसभर बसून केलं. आधी जुनं ऐकवावं म्हटलं." छकुली मामाकडे वळली. "चालेल ना? तुझा तो श्वास जाईल."

डॉक्टरांनी दोन्ही हात जोडले.

मी सांगते, मला तेव्हा क्षणभर वाईट वाटलं. त्या गाण्यात माझं म्हणून जे काही होतं ते तेवढंच होतं. पण क्षणभरच. काढा, म्हटलं. एकदाचं धुऊन टाका.

आणि गाणं सुरू झालं. खाली काही नाही, वर काही नाही, मध्ये नुसता आवाज. दर वर्षी मी तोच आवाज वाजवला होता, आणि मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पहिलं कडवं, दुसरं. ताई डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या.

तिसऱ्या कडव्यात सूं-सूं आलं. सगळी खरखर गेली होती, ते तेवढं राहिलं होतं. स्पष्ट, ओलं, लांबलचक. डॉक्टर चमकून बघायला लागले. तो रेकॉर्डचा श्वास नव्हता. कुणाचंतरी नाक गळत होतं आणि तो ते वर ओढत होता.

ताईंनी पाटीवर लिहिलं, 'तूच.' इतकी वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं, भावाचं प्रवचन मोडू नये म्हणून.

मग तो विराम. तो रिकामा नव्हता. आजवर माझ्या घाणीखाली दबलेलं होतं ते आता वर आलं. माइकपासून तोंड वळवून, दबक्या आवाजात, अगदी घरातला, रागे भरणारा, ताईंचा आवाज. "नाक पूस रे, गधड्या."

सहा वर्षांत ताई भावाशी बोलल्या नव्हत्या. जमिनीवर बसलेल्या त्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाने खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. ते खरोखरच गळत होतं.

त्या दिवशी गाणं किती वेळा लागलं ते मी मोजलं नाही. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, "पुन्हा लाव." आणि ताईंचे ओठ गाण्याबरोबर हलायचे.

आता माझ्यावर एक पांढरं फडकं घातलेलं असतं. प्लेअर क्वचितच लागतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. फार खरवडलं, फार गाळ उपसला, आता पुरे. फक्त तुमच्याही घरात कुणाचा असा एकुलता एक आवाज असेल, तर तो माझ्यासारखीच्या तोंडी देऊन बसू नका. आधी उतरवून घ्या, मग काय ती पूजा करा. आणि माझं काही करायचंच असेल तर ब्रशने झाडा, हात जोडते, फुंकर मारू नका.

ताईंच्या घरी ती साबणाची वडी आता रोज सकाळी लागते म्हणे. इथे डॉक्टरांनीही एक आणलीय. ते चहा घेऊन बसतात आणि ते गाणं लावतात. तिसरं कडवं यायच्या आधीच मला फडक्याखालून कळतं, कारण त्यांनी रुमाल काढलेला असतो.